ओपन-बॅक हेडफोन घेताना : खोलीपासून पॅडपर्यंत

उच्च दर्जाचे ओपन-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू उघडी असलेले, हेडफोन तीस-चाळीस हजारांपासून काही लाखांपर्यंत मिळतात, आणि एवढे पैसे खर्च करायला निघालेला माणूस बहुधा आधी मॉडेल ठरवतो, मग ॲम्पचा, म्हणजे हेडफोनला ताकद पुरवणाऱ्या यंत्राचा, शोध घेतो, मग वायरींची चर्चा वाचत बसतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पहिला विचार ज्या खोलीत बसून ऐकायचे त्या खोलीचा करावा, दुसरा आपल्या डोक्याचा आणि कानांचा, तिसरा आपण नेमके काय ऐकतो याचा. ॲम्प आणि डॅक (डिजिटल फाइलचा विद्युत संकेत करणारे यंत्र) त्यानंतर येतात आणि वायर जवळजवळ येतच नाही. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. ज्यांच्याकडे हेडफोन आधीच आहेत, त्यांनी थेट जोडणीच्या भागापासून वाचायला हरकत नाही.

खोलीची परीक्षा

हेडफोनच्या आतला पडदा कानाकडे जेवढा आवाज सोडतो, तेवढाच मागच्या बाजूलाही सोडतो. बंद हेडफोनमध्ये मागचा हा आवाज कपाच्या भिंतीवर आपटून, क्षणभर उशिरा, पातळ पडद्यातून पुन्हा कानापर्यंत पोहोचतो आणि काही ठरावीक कंपनसंख्या फुगवतो किंवा खाऊन टाकतो. ओपन-बॅक रचनेत कपाच्या मागे फक्त जाळी असते, त्यामुळे मागचा आवाज बाहेर निघून जातो आणि गाणे कवटीच्या आत कोंडल्यासारखे वाटत नाही. सेन्हायझर या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा पहिला खुला हेडफोन बाजारात आणला आणि तो कोट्यवधी रुपयांच्या स्टुडिओंपासून साध्या घरांपर्यंत सगळीकडे पोहोचला, तो याच मोकळेपणामुळे.

मात्र ज्या जाळीतून आवाज बाहेर जातो, तिच्यातूनच बाहेरचा आवाज आतही येतो. बोलण्याच्या पट्ट्यातला आवाज ओपन-बॅक हेडफोन जवळजवळ अडवतच नाहीत. म्हणून खरेदीच्या आधी एक साधी गोष्ट करावी. रोज ज्या वेळी गाणे ऐकायचे आहे त्या वेळी, त्याच खुर्चीत, पंखा नेहमीच्या वेगावर ठेवून दहा मिनिटे काहीही न करता बसावे आणि काय काय ऐकू येते ते कागदावर लिहावे. छतावरचा पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, शेजारचा टीव्ही, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी, फ्रीजची घरघर, हे सगळे हेडफोन घातल्यावरही असेच ऐकू येणार आहे.

पंख्याचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण आपल्याकडे तोच निर्णायक ठरतो. समजा, तुम्ही सरासरी ७० डेसिबलला ऐकता आणि आलापातली हळुवार जागा सरासरीपेक्षा २५ डेसिबल खाली आहे, तर ती ४५ डेसिबलवर येते. वेगात फिरणाऱ्या पंख्याच्या खोलीतला आवाज सहज तेवढा किंवा त्याहून जास्त असतो. म्हणजे लाखभर रुपयांच्या हेडफोनने अत्यंत नीटपणे उभी केलेली ती जागा पंख्याखाली दबून जाते, आणि ती ऐकू यावी म्हणून हात नकळत आवाज वाढवायला जातो. कमी वेगावरचा इन्व्हर्टर एसी बहुधा पंख्यापेक्षा शांत असतो. तो नसेल तर रात्री उशिराची किंवा पहाटेची वेळ ठरवून घ्यावी.

दुसरी बाजू घरातल्या माणसांची. तुम्ही जे ऐकता ते शेजारी बसलेल्या माणसाला बारीक पण स्पष्ट ऐकू येते. त्याच खोलीत कोणी झोपलेले असेल तर भांडणाला निमित्त मिळते. लोकल, विमान, ऑफिस आणि वाचनालय ही ठिकाणे ओपन-बॅकसाठी नाहीतच. वन बीएचके घरात रस्त्याकडच्या खोलीत, सगळे जागे असताना ऐकायचे असेल, तर चांगला बंद हेडफोन घ्यावा असा माझा स्पष्ट सल्ला आहे. फोकल, ऑडीझी, डॅन क्लार्क ऑडिओ या कंपन्यांचे बंद हेडफोनही उच्च दर्जाचे आहेत आणि गोंगाटात ते कोणत्याही खुल्या हेडफोनपेक्षा जास्त संगीत कानापर्यंत पोहोचवतात.

डोके, मान आणि चष्मा

खोली पास झाली की वजन पाहावे. सेन्हायझर एचडी ६०० साधारण २६० ग्रॅमचा आहे आणि एचडी ८०० एस ३३० ग्रॅमचा. हायफायमॅन सुंदारा ३७२ ग्रॅम भरतो, फोकल युटोपिया ४९० ग्रॅम आणि ऑडीझी एलसीडी-एक्स ६१२ ग्रॅम. कागदावर हे आकडे जवळजवळचे वाटतात. दोन तासांच्या मैफलीनंतर मान त्यातला फरक नेमका सांगते. पण वजन एकटेच पुरेसे नाही. हलका एचडी ६०० नवा असताना कानशिले चांगलीच आवळतो, आणि जड हेडफोनचा पट्टा रुंद व नीट ताणलेला असेल तर वजन डोक्यावर पसरते. चष्मा वापरणाऱ्यांनी आपल्या नेहमीच्या चष्म्यासह किमान अर्धा-पाऊण तास हेडफोन घालून पाहावा. चष्म्याच्या जाड काडीमुळे पॅड आणि त्वचा यांच्यात फट राहते, त्यातून खालचे स्वर गळतात आणि काडी कानामागे टोचते ते वेगळेच. पातळ धातूच्या काडीची फ्रेम ही या छंदातली एक स्वस्त सुधारणा म्हणता येईल.

कान पॅडच्या पोकळीत पूर्ण बसतो का, कानाची पाळी आतल्या जाळीला टेकते का, हेही तपासावे. आपल्या हवामानात पॅडचे कापडही महत्त्वाचे आहे. चामडे किंवा रेक्झिनसारखे पॅड कडेने घट्ट बसतात, पण मे महिन्यात पंखा बंद करून बसलात तर वीस मिनिटांत घाम सुटतो. मखमली पॅड हवा खेळती ठेवतात. त्यांच्यामुळे खर्ज किंचित कमी होतो, पण माणूस बसून राहू शकतो.

काय ऐकता, त्यावरून कोणता पडदा

या दर्जाचे हेडफोन मुख्यतः तीन प्रकारचे असतात. डायनॅमिक हेडफोनमध्ये लाउडस्पीकरसारखीच तारेची गुंडाळी पडद्याला ढकलते. सेन्हायझर, बायरडायनॅमिक, फोकल यांचे बहुतेक हेडफोन या प्रकारातले. प्लॅनर मॅग्नेटिकमध्ये अतिशय पातळ पडद्यावरच वाहक पट्ट्या छापलेल्या असतात आणि चुंबकांच्या रांगांमुळे सगळा पडदा एकदम हलतो. हायफायमॅन, ऑडीझी आणि रुमानियातली मेझे यांची ओळख त्यावर आहे. तिसरा प्रकार इलेक्ट्रोस्टॅटिक. जपानच्या स्टॅक्सने या प्रकारचा पहिला हेडफोन १९६० मध्ये आणला. त्याला साधा ॲम्प चालत नाही. पडद्याला शेकडो व्होल्टचा स्थिर दाब पुरवणारे वेगळे यंत्र लागते आणि स्टॅक्सच्या आजच्या हेडफोनसाठी तो ५८० व्होल्ट आहे. पहिल्याच खरेदीत त्या वाटेला जाऊ नये.

डायनॅमिक घ्यावा की प्लॅनर, हा वाद लोक आवडीनिवडीच्या पातळीवर घालतात, पण तो बऱ्याच अंशी मोजून सोडवता येतो. खुल्या डायनॅमिक हेडफोनमध्ये साधारण ८०-१०० हर्ट्झच्या खाली आवाज हळूहळू उतरू लागतो आणि ३० हर्ट्झपर्यंत बराच क्षीण होतो. पॅड नीट बसले असतील तर प्लॅनर २०-३० हर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट जातो. आता आपले संगीत पाहा. गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य सप्तकातला षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर येते. काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा तानपुरा त्याहूनही वर असतो. डग्ग्याची घुमारी याच पट्ट्याच्या आसपास राहते. म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, भावगीत यांत ६० हर्ट्झच्या खाली फारसे काही घडतच नाही, आणि तानपुऱ्याची जवारी, कंठाचा पोत, तबल्याच्या चाटीवरचा बोल हे सारे डायनॅमिक हेडफोनच्या सर्वांत बळकट पट्ट्यात येते. अशा श्रोत्याने केवळ खर्ज खोल जातो म्हणून महागडा प्लॅनर घेण्याचे कारण नाही. उलट इलेक्ट्रॉनिक संगीत, आजचे चित्रपट संगीत किंवा पाइप ऑर्गन ऐकणाऱ्याला ३०-४० हर्ट्झचा भाग खरोखर लागतो. त्याने प्लॅनरकडेच पाहावे.

१९९७ पासून विक्रीत असलेला एचडी ६०० आजही शास्त्रीय गायनासाठी मी पहिल्यांदा सुचवतो. त्याहून दुप्पट-तिप्पट किमतीच्या हेडफोनमध्ये मंच, म्हणजे आवाज आजूबाजूला पसरल्याचा भास, रुंद होतो, सूक्ष्म तपशील उलगडतो, बांधणी देखणी होते. कंठाचा नैसर्गिकपणा मात्र किमतीच्या प्रमाणात वाढत नाही. २००९ मध्ये आलेला एचडी ८०० आणि नंतरचा ८०० एस यांचा मंच विलक्षण मोकळा आहे. वाद्यवृंदात कोण कुठे बसले आहे ते बोटाने दाखवता येते. एकट्या गायकाच्या मैफलीत त्या रुंदीचा उपयोग तुलनेने कमी.

तांत्रिक माहितीचे दोन आकडे

खोक्यावर वीस आकडे छापलेले असतात. त्यांतले इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध, ओममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेला किती मोठा आवाज मिळतो) हे दोनच कामाचे आहेत. '५ हर्ट्झ ते ५० किलोहर्ट्झ' ही कंपनसंख्येच्या आवाक्याची ओळ खुशाल सोडून द्यावी.

सेन्सिटिव्हिटीत एक फसवी गोम आहे. काही कंपन्या ती १ मिलिवॉटला किती डेसिबल अशी देतात, तर काही १ व्होल्टला किती डेसिबल अशी. दोन वेगळ्या एककांतले आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर निष्कर्ष हमखास चुकतो. मिलिवॉटच्या आकड्यावरून व्होल्टचा काढायचा असेल तर १००० ला इम्पीडन्सने भागावे, आलेल्या संख्येचा १० च्या पायावरचा लॉगॅरिदम घ्यावा, त्याला १० ने गुणावे आणि ते उत्तर मूळ आकड्यात मिळवावे. ३०० ओमच्या हेडफोनसाठी हा फरक ५.२ डेसिबल येतो आणि ३७ ओमसाठी १४.३ डेसिबल.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अभिजात संगीतात सरासरी पातळी आणि क्षणिक शिखरे यांत वीस-पंचवीस डेसिबलचे अंतर असू शकते. म्हणून क्षणभर ११० डेसिबल गाठता येतील इतकी ताकद हाताशी असली की कोणतीही चिंता उरत नाही. एचडी ८०० एस ३०० ओमचा आहे आणि १ व्होल्टला १०२ डेसिबल देतो. आणखी ८ डेसिबलसाठी व्होल्टेज अडीचपट, म्हणजे सुमारे २.५ व्होल्ट लागते. त्या वेळी वीज लागते फक्त २१ मिलिवॉट आणि विद्युतप्रवाह सव्वाआठ-साडेआठ मिलिॲम्पिअर. सुंदारा ३७ ओमचा आहे; त्याचे ९४ डेसिबल मिलिवॉटला धरले तर ११० साठी सुमारे ४० मिलिवॉट लागतात, व्होल्टेज १.२ पुरते, पण प्रवाह ३३ मिलिॲम्पिअर लागतो. पहिल्याला व्होल्टेज हवे, दुसऱ्याला प्रवाह. म्हणूनच '३०० ओम म्हणजे चालवायला अवघड आणि ३७ ओम म्हणजे सोपा' हा दुकानातला सरसकट नियम टिकत नाही. ॲम्पची माहिती वाचताना ३२ ओमला किती मिलिवॉट आणि ३०० ओमला किती, हे दोन्ही आकडे पाहावेत आणि आपल्या हेडफोनच्या जवळचा आकडा घ्यावा.

हे गणित एकदा केले की खर्च बराच आटोक्यात येतो. ॲपलच्या लहानशा यूएसबी-सी अडॅप्टरमधून साधारण १ व्होल्ट मिळतो. युरोपसाठीच्या आवृत्तीत तो निम्मा असतो, आणि काही अँड्रॉइड फोनवर या अडॅप्टरचा आवाज अर्ध्यावरच अडकतो. पण १ व्होल्ट मिळत असेल तर एचडी ८०० एससुद्धा १०२ डेसिबलच्या शिखरांपर्यंत जातो, आणि रात्रीच्या शांत ऐकण्याला ते पुरते. तेव्हा पहिल्या महिन्यात अशाच स्वस्त अडॅप्टरवर ऐकावे. हळू ध्वनिमुद्रित केलेल्या आलापात आवाज पूर्ण वाढवूनही कमी पडतो असे खरोखर आढळले, तर मग फिओ, जेडीएस लॅब्ज, शीट, टॉपिंग अशा कंपन्यांचा साधा, स्वच्छ ट्रान्झिस्टर ॲम्प घ्यावा.

ॲम्पच्या आउटपुट इम्पीडन्सकडे, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या विरोधाकडे, मात्र लक्ष ठेवावे. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा असा प्रघात आहे. सेन्हायझरच्या ३०० ओम हेडफोनचा इम्पीडन्स १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओमच्या वर चढतो. जुन्या इंटिग्रेटेड ॲम्पच्या जॅकमागे १२० ओमचा रोध असेल तर त्या पट्ट्यात आवाज एखाद्या डेसिबलने फुगतो. व्हॉल्व्ह ॲम्पचा 'उबदारपणा' पुष्कळदा यातूनच येतो. तो आवडत असेल तर जरूर घ्यावा, पण तोच बदल इक्वलायझरने (निवडक कंपनसंख्या कमी-जास्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने) फुकटात होतो हे आधी करून पाहावे. प्लॅनरचा इम्पीडन्स सर्व कंपनसंख्यांना जवळजवळ सारखाच असल्याने तिथे हा परिणाम होत नाही.

बॅलन्स्ड जोडणी, म्हणजे ४.४ मिलिमीटरचा किंवा चार पिनांचा एक्सएलआर प्लग, व्होल्टेज दुप्पट देऊ शकते. ताकद कमी पडत असेल तर तिचा उपयोग आहे. ताकद आधीच पुरत असेल तर आवाज सुधारण्यासाठी तिच्यामागे लागू नये. महागड्या वायरीचे काम एवढेच की ती मऊ असावी, कपड्यांवर घासून खरखरू नये आणि लवकर तुटू नये.

दुकानात, ऑनलाइन आणि वापरलेला

शक्य असेल तर ऐकूनच घ्यावा. चेन्नईच्या हेडफोन झोनसारखे या क्षेत्रातले खास विक्रेते आहेत आणि मोठ्या शहरांत काही ऑडिओ शोरूममध्येही हेडफोन ऐकू देतात. जाण्याआधी फोन करून हवे ते मॉडेल ऐकायला ठेवलेले आहे का ते विचारावे. सोबत आपला फोन, आपले अडॅप्टर आणि चांगल्या ओळखीची गाणी न्यावीत. त्यांत एक शांत आलाप, एक द्रुत तबला, एक पुरुषी आवाज, एक स्त्रीचा आवाज आणि एखादे गजबजलेले वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण असावे. जी गाणी हजार वेळा ऐकली आहेत तीच न्यावीत. दुकानदाराने लावलेल्या चकचकीत डेमोवर कोणताही हेडफोन बरा वाटतो.

दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घेणे अत्यावश्यक आहे. एका डेसिबलनेही मोठा असलेला हेडफोन कानाला जास्त स्वच्छ आणि जिवंत वाटतो, आणि सारख्या व्हॉल्यूमवर जास्त सेन्सिटिव्ह हेडफोन आपोआप जिंकतो. पहिल्या पाच मिनिटांत झगमगणारा वरचा पट्टाही असाच फसवतो. तो अर्ध्या तासानंतर कानांना थकवतो का, हे बसून पाहावे, आणि त्याच दिवशी पैसे देऊ नयेत.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवताना फक्त डॉलरचा भाव पाहू नये. त्या खरेदीची वॉरंटी भारतात चालते का, हे कंपनीच्या भारतातल्या वितरकाकडून लेखी विचारून घ्यावे. कुरिअरने मागवल्यास सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरून अंतिम किंमत काढावी. पुष्कळदा ती इथल्या किमतीच्या जवळपासच येते. सेन्हायझरच्या लोकप्रिय मॉडेलच्या बनावट मालाची बाजारपेठ मोठी आहे, तेव्हा अनोळखी विक्रेत्याकडची अविश्वसनीय सूट सोडून द्यावी.

वापरलेला हेडफोन घेणे मला पूर्णपणे रास्त वाटते, कारण चांगले ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारे पडद्याचे भाग, सहसा वर्षानुवर्षे टिकतात. भेटून घ्यावा आणि चार तपासण्या कराव्यात. पहिली, मोनो ध्वनिमुद्रण लावून आवाज नाकाच्या रेषेत मध्यभागी येतो का ते पाहावे. एका बाजूला सरकत असेल तर हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐकावे. सरकणे हेडफोनबरोबर बाजू बदलत असेल तर दोष त्याचाच, नाहीतर तो स्रोताचा किंवा आपल्या कानाचा. दुसरी, २० हर्ट्झपासून वर जाणारा चाचणी-स्वर हळू आवाजात वाजवावा. मध्येच तडतड किंवा फरफर आली तर बहुधा पडद्यावर केस अडकलेला असतो, जो काढता येतो, किंवा पडदाच बिघडलेला असतो, जो सहज दुरुस्त होत नाही. तिसरी, वायर सॉकेटजवळ हलवून आवाज तुटतो का ते पाहावे. चौथी, पॅडची जाडी पाहावी आणि ते बसके झाले असतील तर नव्या पॅडची किंमत भावातून वजा करून घ्यावी. मूळ बिलाची प्रत मागायला संकोच करू नये.

जोडणी आणि पहिला आठवडा

वायर जोडण्याआधी आवाज शून्यावर न्यावा. डावी-उजवी बाजू नीट पाहावी, कारण उलटे घातले तर व्हायोलिन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते एवढेच होते आणि ते महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही. हेडफोनला ६.३५ मिलिमीटरचा जाड प्लग असेल तर लॅपटॉपच्या लहान सॉकेटमध्ये लांबट, घन धातूचा अडॅप्टर लावू नये. त्याच्या वजनाने सॉकेट खिळखिळे होते. दोन्ही टोकांमध्ये लवचीक वायर असलेला छोटा अडॅप्टर घ्यावा. संगणकाचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून ॲम्पच्या बटणाने आवाज कमी-जास्त करावा, आणि ॲम्पवर गेनचा, म्हणजे आवाज किती पटीने वाढवायचा त्याचा, खटका असेल तर तो आधी 'लो'वर ठेवावा.

नवा एचडी ६०० कानशिले फार आवळत असेल तर तो डोक्याहून किंचित रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवावा आणि आवश्यक तेवढ्याच रात्री हे करावे. जास्त सैल केला तर पॅड त्वचेला नीट बसत नाहीत आणि खर्ज पातळ होतो.

फाइल कोणती, याबद्दल थोडक्यात: सीडीच्या दर्जाचे लॉसलेस (माहिती न गाळता साठवलेले), म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट, पुरेसे आहे. त्यापुढच्या आकड्यांवर पैसे खर्च करण्यापेक्षा त्याच मैफलीची चांगल्या रीतीने सीडीवर उतरवलेली प्रत शोधावी. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून केलेली डिजिटल प्रत स्टिरिओ फाइलमध्ये असेल, तर प्लेअरमध्ये मोनोचा पर्याय चालू करावा. मूळ गाणे मोनोच असल्याने ते तसेच राहते आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळी येणारी खरखर कमी होते. खुल्या हेडफोनवर हा फरक चटकन कळतो.

आवाज किती ठेवावा, हे मोजून

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास ही मर्यादा धरावी, आणि ९० डेसिबलला हेच प्रमाण आठवड्याला ४ तासांवर येते. ओपन-बॅकमध्ये धोका असा की आवाज कानाजवळ कोंडलेला वाटत नाही, म्हणून तो मोठा आहे हे जाणवत नाही; त्यात पंख्यावर मात करण्यासाठी वाढवलेले डेसिबल असतातच.

फोनवरचे आवाजमापक ॲप हेडफोनच्या पॅडजवळ धरून विश्वासार्ह उत्तर मिळत नाही. त्याऐवजी घरातल्या साध्या मल्टिमीटरने बऱ्यापैकी अचूक अंदाज काढता येतो. नेहमीच्या पातळीवर गाणे लावावे आणि बटण आहे तिथेच ठेवावे. हेडफोन डोक्यावरून काढून ठेवावा. पूर्ण पातळीचा, म्हणजे शून्य डेसिबलवर मुद्रित केलेला, ६० हर्ट्झचा शुद्ध स्वर लावावा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजावे. स्वस्त मल्टिमीटरही घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या जवळपासच्या कंपनसंख्येला बरोबर वाचतात, म्हणून ६० हर्ट्झ. समजा, आकडा अर्धा व्होल्ट आला. एचडी ८०० एस १ व्होल्टला १०२ डेसिबल देतो. व्होल्टेज निम्मे म्हणजे ६ डेसिबल कमी, म्हणजे पूर्ण पातळीला ९६. अभिजात संगीताची सरासरी पूर्ण पातळीहून साधारण वीस डेसिबल खाली धरली तर तुम्ही ७५-७६ डेसिबलला ऐकत आहात, आणि ते ठीक आहे. आजचे कर्कश मास्टरिंग केलेले चित्रपटगीत त्याच बटणावर दहा डेसिबल वर असू शकते. हा हिशेब एकदा करून बटणावर पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

इक्वलायझरची लाज नको

पुष्कळ शौकिनांना इक्वलायझर हा अपमान वाटतो. माझ्या मते या छंदातली सर्वांत मोठी आणि सर्वांत स्वस्त सुधारणा तीच आहे. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२-१३ पासून श्रोत्यांवर चाचण्या घेऊन, बहुतेकांना आवडणारी हेडफोनची वक्ररेषा, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती जोर असावा ते, ठरवली. ऑटोईक्यू या मुक्त प्रकल्पात शेकडो हेडफोनची त्या रेषेशी तुलना करून तयार आकडे दिलेले आहेत. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे मोफत सॉफ्टवेअर ते आकडे वापरते, अँड्रॉइडवर वेव्हलेट.

तयार आकडे जसेच्या तसे न घेता हळूहळू जावे. मूळ एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्झजवळ एक टोकदार उंचवटा आहे, ज्यामुळे स, श आणि टाळ-चिपळ्या बोचतात. ८०० एसमध्ये तो कंपनीनेच बऱ्याच अंशी शोषून घेतला. मूळ एचडी ८०० असेल तर ६ किलोहर्ट्झजवळ ३-४ डेसिबलची उतरण द्यावी आणि थांबून ऐकावे. खर्ज हवा असेल तर १०० हर्ट्झच्या खाली लो-शेल्फने (खालचा सगळा भाग एकदम उचलणाऱ्या फिल्टरने) ३-४ डेसिबल वाढवावे, आणि जेवढे वाढवले तेवढे प्रीॲम्प, म्हणजे सॉफ्टवेअरमधली एकूण पातळी, खाली आणावे, नाहीतर शिखरे कापली जाऊन आवाज फाटतो. ८-१० किलोहर्ट्झच्या वर मोजमापे कानागणिक बदलतात. तिथे दुसऱ्याचे आकडे कामाचे नाहीत. प्रत्येक बदलानंतर आवाजाची पातळी पुन्हा जुळवून, बदल चालू-बंद करत ऐकावे. एका बैठकीत एकच बदल.

पावसाळा, तेल आणि पॅड

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा हेडफोनचा खरा शत्रू. चामडी पॅडवर बुरशी धरते, फोम चिकट होतो. वापर झाल्यावर पॅड कोरड्या मऊ कापडाने पुसावेत, हेडफोन अर्धा तास मोकळ्यावर ठेवून मग सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि पुड्या महिन्याला बदलाव्यात. उघड्यावर टांगलेला हेडफोन देखणा दिसतो, पण जाळीतून धूळ आणि केस थेट पडद्यावर जातात.

केसांना तेल लावलेल्या दिवशी हेडफोन घालू नये. खोबरेल तेल मखमली पॅडमध्ये मुरले की जात नाही आणि डोक्यावरच्या पट्ट्याच्या आतला फोम झिजतो. मखमली पॅड काढून कोमट पाण्यात थोड्या सौम्य साबणाने हाताने धुता येतात. पूर्ण दिवसभर सावलीत वाळू द्यावेत आणि ओलसर असताना परत बसवू नयेत. चामडी पॅड फक्त किंचित दमट कापडाने पुसावेत. जाळीवर फुंकर मारू नये, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच लावू नये. प्लॅनर हेडफोन घालताना किंवा काढताना कप डोक्यावर दाबून झटकन सोडू नये. आत कोंडलेल्या हवेचा धक्का पातळ पडद्याला बसतो. या हेडफोनमधली चुंबके जोरकस असतात, तेव्हा लोखंडाचा कीस पडणाऱ्या कामाच्या टेबलावर ते ठेवू नयेत.

पॅड हा वापरून संपणारा भाग आहे. दोन-तीन वर्षांत फोम बसतो, कान पडद्याच्या जवळ जातो आणि आवाजाचा तोल बदलतो. बदल इतका हळू होतो की रोज ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून हेडफोन नवा असतानाच पॅडची जाडी पट्टीने मोजून खोक्यावर लिहून ठेवावी आणि दर वर्षी तपासावी. बदलताना शक्यतो कंपनीचेच पॅड घ्यावेत, कारण दुसऱ्या जाडीचे किंवा कापडाचे पॅड लावले की आधी जुळवलेला इक्वलायझर पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागतो. एचडी ६०० चे पॅड, वायर आणि बहुतेक सुटे भाग हातानेच निघतात. इतर काही हेडफोनचे पॅड डिंकाने चिकटवलेले असतात, तेव्हा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला पॅड भारतात मिळतात का, केवढ्याला आणि घरी बदलता येतात का, हे विचारून घ्यावे.